पायाचे दुखणे आणि दुधाचे कॅलेंडर
(मंडळाच्या कोजागिरीच्या सभेत वाचून दाखवलेले भाषण)



गेल्या महिन्यात चिटणीसबाईंनी मला सांगितले की, यंदा कोजागिरीला तुम्ही बोलायचे. मी म्हटले, बाई, मी सातवी शिकलेली. मंडळात माझे काम म्हणजे सतरंज्या घालणे आणि पापडाच्या पिठाचा हिशेब ठेवणे. मी काय बोलणार? त्या म्हणाल्या, "तुमच्या पायाचे सांगा. दूध आटेपर्यंत सांगा." तेव्हा मी कबूल झाले. घरी बसून लिहून काढले आहे आणि ते वाचून दाखवते आहे. चुकल्यास हसू नका, निदान मोठ्याने हसू नका.

विषय जरा लाजेचा आहे. पाळीविषयी चारचौघींत बोलायची आपल्याकडे सवय नाही. आणि इथे माझ्या सासूबाईंच्या वयाच्या बायका बसल्या आहेत. पण सासूबाईंना मी विचारूनच आले. त्या म्हणाल्या, "सांग बाई. मी तुला काय काय बोलले तेही सांग." तेव्हा तेही सांगणार आहे.

तुमच्यापैकी पुष्कळ जणींना २०२२ च्या उन्हाळ्यातला पापडाचा दिवस आठवत असेल. वीस किलो उडदाचे पीठ भिजवलेले, बावीस बायका लाटायला बसलेल्या, आणि मी अकराच्या सुमारास उठून आतल्या खोलीत जाऊन पोत्यावर आडवी झाले. बाहेर कोणीतरी म्हणाले, "बाईंना कामाच्या वेळीच बरे दुखते!" ते मला ऐकू आले. कोणी म्हटले ते मी सांगत नाही, तिनेच पुढे मला महिनाभर डबा पोचवला आहे. पण त्या दिवशी मी भिंतीकडे तोंड करून रडले. कारण मला स्वतःलाही तसेच वाटू लागले होते, की आपण सोंग तर करत नाही?

दुखणे असे होते. उजव्या कुल्ल्याच्या आत, अगदी खोल, कोणीतरी तापलेली सुरी खुपसून ठेवावी, आणि तिथून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत, घोट्यापर्यंत वीज खेळावी. बसले की जास्त. पाटावर बसायचे, विळीवर बसायचे, देवापुढे बसायचे, सगळेच अवघड. उभे राहिले तर थोडे बरे.

पाळीच्या वेळी पोटात दुखणे तर मला चौदाव्या वर्षापासून. आई गूळ-ओव्याचा काढा द्यायची आणि म्हणायची, लग्न झाले की थांबते. १९९९ साली लग्न झाले, थांबले नाही. मग म्हणाल्या, एक मूल झाले की थांबते. दोन झाली. थोडी वर्षे खरेच कमी होते, मग पुन्हा सुरू. सासूबाई म्हणायच्या, "अगं, बाईच्या जातीला हे असायचंच. आम्ही नाही का सोसलं?" हे त्यांनी वाईट मनाने म्हटले नाही. त्यांनी खरोखरच सोसले होते, आणि त्यांनाही कोणीतरी असेच सांगितले होते.

पायाचे दुखणे २०१६ पासूनचे. पोटाचे आणि पायाचे काही नाते असेल हे मनातसुद्धा आले नाही. पोट पोटाच्या जागी, पाय पायाच्या जागी. पायाला सायटिका म्हणतात एवढे कानावर होते. मग जे सगळे करतात तेच मी केले. तेल लावले, शेक घेतला, हाडवैद्याकडे गेले. कंबरेचा पट्टा बांधला, त्याने उन्हाळ्यात घामोळे तेवढे आले. मालीश करणाऱ्या मावशी यायच्या, त्यांच्या हाताने दोन तास बरे वाटायचे. एका मणक्याच्या डॉक्टरांनी कंबरेचा एम.आर.आय. काढला, मणक्यात थोडी झीज आहे म्हणाले आणि पाठीत इंजेक्शन दिले. थोडी झीज कोणाच्या मणक्यात निघत नाही? चाळिशीच्या कोणत्याही बाईचा फोटो काढा! इंजेक्शनानंतर तीन आठवडे बरे वाटले आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मला मात्र वाटले की आता यापुढे काही उपाय नाही.

त्यात आणखी एक गोष्ट घडू लागली. उजव्या पायातली चप्पल निसटायची. बाजारातून येताना मागे वळून पाहावे तर चप्पल रस्त्यात पडलेली. पायाचा पुढचा भाग उचलला जात नसे, उंबऱ्याला ठेचकाळायचा. घरात सगळे हसायचे, मीही हसायची. हसण्यासारखी गोष्ट नव्हती ती, पण ते नंतर कळले.

आता कॅलेंडरचे सांगते. आमच्या घरी स्वयंपाकघरात कालनिर्णय असते, तुमच्याकडेही असेल. त्यावर मी दुधाचा हिशेब लिहिते. दूध जास्त घेतले, नाही घेतले, गॅसची टाकी कधी लावली, सगळे त्या चौकोनांत. मालीशवाल्या मावशींचे शंभर रुपये दिले की तेही तिथेच, "मा." असे लिहायची. आणि पाळीच्या तारखेला कोपऱ्यात एक टिंब. टिंबाचा अर्थ माझा मला ठाऊक. २०२२ च्या डिसेंबरात जुने कॅलेंडर उतरवून मावशींना वर्षात किती पैसे गेले ते मोजायला बसले. मनात हेतू काटकसरीचा होता. मोजता मोजता बोट थांबले. जिथे जिथे "मा." तिथे तिथे शेजारी टिंब. बारा महिन्यांत अकरा वेळा. एक महिना चुकला, तेव्हा मावशी गावाला गेल्या होत्या.

मी ते कॅलेंडर ह्यांना दाखवले. ह्यांना काही कळले नाही. मुलीला दाखवले. ती तेव्हा नववीत होती. ती म्हणाली, "आई, पाय पाळीला कसा कळतो?" मला तिच्या त्या प्रश्नाने रात्रभर झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी कॅलेंडर पिशवीत घालून मी आपल्या इथल्या बाई डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ते टेबलावर पसरले, चष्मा लावला आणि महिन्यामागून महिना पाहत गेल्या. कोणत्याही डॉक्टरांनी माझी एवढी शांतपणे चौकशी केली नव्हती. मग तपासले. लाज बाजूला ठेवून सांगते, त्यांनी आतून बोटाने उजव्या बाजूला एका ठिकाणी दाबले मात्र, आणि पायाच्या बोटापर्यंत तीच वीज गेली. मी ओरडलेच. त्या म्हणाल्या, "तुमचं दुखणं पायात नाही, बाई. ते इथं आहे."

त्या रोगाचे नाव एंडोमेट्रिओसिस. हे नाव जिभेवर बसायला मला आठ दिवस लागले. गर्भाशयाच्या आत एक अस्तर असते, ते दर महिन्याला दाटते आणि पाळीत गळून जाते, हे आपल्याला माहीत आहे. त्याच्यासारखेच अस्तर काही जणींच्या पोटात गर्भाशयाच्या बाहेर रुजते: बीजकोषावर, आतड्यावर, मूत्राशयावर. तेही महिन्याच्या चक्राबरोबर फुगते, त्यातूनही रक्त येते, पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. मग तिथे सूज येते, जखम होते, जखमेवर व्रण, व्रणावर पुन्हा जखम, असे होत होत आजूबाजूचे सगळे चिकटून घट्ट होते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, मूल होण्याच्या वयातल्या दहा बायकांमागे साधारण एकीला हा रोग असतो. सगळ्या जगात मिळून १९ कोटींच्या आसपास. त्या हिशेबाने आज या गच्चीवरसुद्धा मी एकटी नसेन.

क्वचित हे अस्तर नसांवर रुजते. शरीरातली सगळ्यांत जाड नस, अंगठ्याएवढी, ती कंबरेच्या आणि माकडहाडाच्या वरच्या हाडातून मुळे घेऊन ओटीपोटाच्या मागच्या भिंतीवरून जाते आणि कुल्ल्यातून मांडीत उतरते. मला दुखत होती ती हीच. तिच्या शेजारीच लघवी आणि शौचाच्या बारीक नसा असतात. मणक्याच्या डॉक्टरांनी पाहिले ते नस जिथून निघते तिथले. बिघाड होता पुढच्या वाटेवर, आणि कंबरेच्या त्या फोटोत ओटीपोट पुरते येत नाही. पुन्हा एम.आर.आय. काढला, या वेळी ओटीपोटाचा, तेव्हा उजव्या बाजूला नसेला बिलगलेली गाठ दिसली. असे दुखणे उजव्या बाजूला जास्त आढळते, कारण डावीकडे मोठे आतडे आड येते, असे समजतात.

हा काही नवा शोध नव्हे. एंडोमेट्रिओसिसमुळे मांडीची ही मोठी नस दुखते हे अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९५५ सालीच छापले होते. म्हणजे माझ्या सासूबाईंच्या जन्माच्या आधी! पण छापलेले असणे वेगळे आणि आपल्यापर्यंत पोचणे वेगळे.

आता उपाय. इथे घरात मोठी सभा भरली. जाऊबाई म्हणाल्या, पिशवी काढून टाका, सुटका होईल. वन्सं म्हणाल्या तेच. आपल्याकडे बाईचे काहीही दुखले तरी पिशवी काढा हे एकच औषध झाले आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या किती मोठ्या प्रमाणात काढल्या गेल्या ते वर्तमानपत्रात आले आणि सरकारला चौकशी करावी लागली, ते आपण सगळ्यांनी वाचले आहे. मीही काढायला तयार होते. डॉक्टरीणबाईंनी मला खडसावले. "पिशवी काढली तरी नसेवरचं तिथंच राहणार. ते काय पिशवीत आहे का?" हे इतके सोपे होते, पण कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

त्यांनी असेही सांगितले की, प्रत्येकीला शस्त्रक्रिया लागत नाही. पुष्कळ जणींना पाळी दाबून धरणाऱ्या गोळ्यांनी आराम पडतो, आणि पहिल्यांदा त्याच द्याव्यात. पण माझा पाय उचलत नव्हता. नस दबून दबून कमजोर होत होती, आणि फार दिवस तशीच राहिली तर मग पुन्हा उभारी धरत नाही. ती निसटणारी चप्पल, जिच्यावर आम्ही हसत होतो, तिनेच निर्णय केला.

पुण्याला गेलो. तिथले डॉक्टर फार बोलके नव्हते, पण त्यांनी कागदावर चित्र काढून दिले, ते अजून माझ्या गहू निवडायच्या सुपाखाली ठेवलेले आहे. दुर्बिणीची शस्त्रक्रिया म्हणजे काय, हे कुटुंबनियोजनाच्या शिबिरांमुळे आपल्यापैकी पुष्कळ जणींना ठाऊक आहे. बेंबीपाशी छोटेसे छिद्र पाडतात, पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून पोट तंबूसारखे उचलतात, एका छिद्रातून दुर्बीण आणि दिवा आत जातो, आणखी दोन-तीन अर्ध्या सेंटिमीटरच्या छिद्रांतून हत्यारे. डॉक्टर पडद्यावर पाहून काम करतात. माणसाच्या पोटात अशी दुर्बीण घालून पाहिली ती १९१० साली स्वीडनमधल्या याकोबेयस नावाच्या डॉक्टरांनी. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० साली दुर्बिणीतून पित्ताशय काढले.

पण नसेचे काम त्याहून नाजूक. ती खोल असते, मोठ्या रक्तवाहिन्यांच्या मागे, कटीच्या हाडाला लागून. पोट उघडून तिथपर्यंत हात पोचला तरी नजर नीट पोचत नाही. दुर्बीण मात्र अगदी जवळ जाते आणि सगळे कितीतरी पट मोठे दिसते. स्वित्झर्लंडमध्ये काम केलेले डॉ. मार्क पोसोव्हर यांनी ही वाट बसवून दिली. त्यांच्या पद्धतीत हत्यारातून अगदी हलका विजेचा प्रवाह नसेला लावतात आणि पाय हलतो का ते पाहतात. नस कोणती आणि व्रण कोणता हे त्यावरून कळते. मला डॉक्टर म्हणाले, तुम्ही झोपलेल्या असाल, पण तुमच्या पायाकडे एक जण पाहत उभा असेल. मला त्याचे फार बरे वाटले. इतकी वर्षे माझ्या पायाकडे कोणी पाहिले नव्हते!

मी विचारले, गाठ कापून का टाकत नाही? तेव्हा ते म्हणाले, नस कापायची नाही, सोडवायची. मी ते माझ्या भाषेत असे समजून घेतले. पैठणीच्या जरीच्या काठावर मेण सांडले तर आपण कात्री घेतो का? धागा न् धागा सोडवत बसतो.

भीती कशाची होती तेही सांगते, नाहीतर हे भाषण म्हणजे नुसती जाहिरात होईल. लघवीच्या नसा तिथेच शेजारी असतात. त्यांना दोन्हीकडून धक्का लागला तर लघवी आपोआप होत नाही, नळी घालून काढावी लागते, काहींना कायमची. पायाची ताकद आहे त्यापेक्षाही कमी होऊ शकते. मोठ्या रक्तवाहिन्यांतून रक्त जाऊ शकते. हे सगळे कागदावर लिहिलेले होते आणि खाली सही करायची होती. ह्यांच्या हातात पेन होते आणि ते थरथरत होते. मी म्हटले, अहो, द्या इकडे, सही माझी आहे. पैशासाठी माझ्या दोन पाटल्या आणि ह्यांची दुकानाची भिशी गेली. त्या पाटल्या सासूबाईंनी मला घातलेल्या होत्या. मोडताना सराफाच्या दुकानात त्या स्वतः आल्या, आणि म्हणाल्या, "सोनं पुन्हा होईल."

फेब्रुवारी २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली. साडेचार तास लागले. शुद्धीवर आले तेव्हा सगळ्यात जास्त काय दुखत होते सांगू? उजवा खांदा. पोटातला वायू पडद्याला लागतो आणि दुखणे खांद्यात जाणवते. म्हणजे पुन्हा तेच, एकीकडचे दुखणे दुसरीकडे. नर्सबाईंनी सांगितले म्हणून घाबरले नाही, दोन दिवसांत ते गेले. दुसऱ्या दिवशी चालवले. पण लघवीची नळी काढल्यावर लघवी होईना. ते ऐकून माझे काळीज बसले. नळीसकट घरी आले. एकवीस दिवस ती पिशवी परकराला बांधून मी घरात हिंडले. बाविसाव्या दिवशी नळी काढली आणि लघवी झाली, तेव्हा सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

पायाचे लगेच बरे झाले असे नाही. उलट पहिले दोन महिने विजा जास्तच खेळल्या. सुटलेली नस जागी होताना चवताळते म्हणतात. त्याच्या गोळ्या होत्या, आणि पाय उचलण्याचा व्यायाम रोज. नस भरून येते ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर, असा हिशेब मला व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने सांगितला. मी लगेच शिवणाची टेप काढली आणि कुल्ल्यापासून अंगठ्यापर्यंत मोजले. नव्वद सेंटिमीटर भरले. म्हणजे नऊशे दिवस, अडीच वर्षे. ऐकून डोक्याला हात लावला. पण एकदा हिशेब कळला की वाट पाहता येते. आता बत्तीस महिने झाले. खोल कुल्ल्यातली ती सुरी गेली, ती खरेच गेली. चप्पल पायात राहते. करंगळी अजून बधिर आहे आणि तासाभरापेक्षा जास्त मला जमिनीवर बसवत नाही. पाळी बंद ठेवणारी डायनोजेस्ट नावाची गोळी रोज घेते, कारण हा रोग पुन्हा उगवू शकतो. सहा महिन्यांनी तपासणी असते.

पायाचा प्रत्येक कळवळा म्हणजे हेच, असे मात्र कोणी समजू नका. दहा जणींचा पाय दुखला तर बहुतेकींचा तो मणक्यामुळेच दुखत असतो. माझे वेगळे होते ते तारखांमुळे.

आता शेवटचे सांगायचे राहिले, आणि ते सांगायला मला जड जाते आहे. माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. माझे हे सगळे चालू होते त्याच वर्षी ती शाळेतून पोट धरून घरी आली होती. आणि मी, भगिनींनो, मी, जिच्या पायातून चप्पल निसटत होती, मी तिला म्हटले, "सगळ्यांनाच होतं, ओवा खा." तोंडातून शब्द निघून गेले आणि मग मी आईचा आवाज ओळखला. तिला डॉक्टरीणबाईंकडे नेले आहे. अजून काही निदान नाही, गोळ्यांनी तिला बरे आहे. तिच्या खोलीत दाराआड तिचे स्वतःचे कालनिर्णय टांगले आहे. ती त्यावर टिंब देत नाही, लाल पेनाने स्पष्ट लिहिते, पाळी, पोट, पाठ, शाळा बुडाली. तिच्या वडिलांना दिसेल म्हणून मी आधी कुरकुरले. ती म्हणाली, दिसू दे की.

माझे २०२२ चे कॅलेंडर मी टाकलेले नाही. कोणाला पाहायचे असेल तर घरी या, दुपारी मी असतेच. उन्हाळ्यात पापडाला मी येणार आहे, पण मला एक उंच टेबल आणि पोळपाट द्या, मी उभ्याने लाटीन. पिठाचा हिशेब माझ्याकडेच राहू द्यावा.

चिटणीसबाई खुणावत आहेत, दूध उतू जाईल. केशराची डबी मी सतरंजीखाली ठेवली आहे, कोणीतरी ती आधी घ्या.